आखणीतच अडकलेली हिंजवडी

‘हिंजवडीतील रस्त्यांचे रुंदीकरण’ ही बातमी वाचली. रुंदीकरणाला विरोध नाही. पण तिथल्या वाहतूक कोंडीचे मूळ आयटी पार्कच्या आखणीत आहे, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. राजीव गांधी आयटी पार्कच्या तिन्ही टप्प्यांत मोठमोठे भूखंड कंपन्यांना दिले गेले. भोवती कुंपण, आत हिरवळ आणि वाहनतळ. भूखंडांमधून आरपार जाणाऱ्या लहान वाटा जवळपास नाहीतच, त्यामुळे सारी वाहने मोजक्या रस्त्यांवर एकाच वेळी उतरतात.

माझी मुलगी टप्पा ३ मध्ये नोकरीला आहे. बसथांब्यावरून तिचे कार्यालय समोर दिसते, पण फाटक गाठायला कुंपणाच्या कडेकडेने पंधरा मिनिटे चालावे लागते, तेही पदपथ नसलेल्या रस्त्याने. पावसाळ्यात तर ती रिक्षाच करते. डोकेदुखीची गोळी आणायची तरी वाहन काढावे लागते. पुण्याच्या जुन्या भागातल्या लक्ष्मी रस्त्यावर मात्र खाली दुकान, वर बिऱ्हाड, शेजारी कचेरी अशी वस्ती होती. तिथे निम्मी कामे पायीच होत.

माण ते शिवाजीनगर मेट्रोमार्गावर २३ स्थानके आहेत. पण स्थानकातून उतरलेल्या माणसापुढे कुंपणाची भिंतच असेल, तर तो पुन्हा दुचाकीच काढणार. एमआयडीसीने स्थानकांलगतच्या भूखंडांतून पादचाऱ्यांसाठी वाटा खुल्या कराव्यात आणि कंपन्यांच्या फाटकांपर्यंत सलग पदपथ बांधावेत. रुंदीकरणाच्या आराखड्यातच हे काम धरावे, ही विनंती.

– एक वाचक, वाकड, पुणे