काकू, माझ्या लेकाची प्रार्थना संपेपर्यंत तुम्ही थांबलात

मेसच्या काकूंना सप्रेम सलाम.

लेक इंजिनिअर झाला. पेढे घेऊन आम्ही येणारच आहोत, पण त्याआधी हे चारचौघांत लिहायचं होतं, कारण त्याला जे ऐकवलं गेलं तेही चारचौघांतच होतं.

त्याचे वडील मिझो, मी नगरची. तो चेहऱ्याने वडिलांवर गेलाय आणि बोलतो माझ्यासारखं, अस्सल नगरी. पण पुण्यात कॉलेजला आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'चिंकी' पडलं. मराठीत उत्तर दिलं की पोरं जास्तच हसायची. प्रोजेक्टच्या गटात कुणी घेईना. आम्ही तक्रार घेऊन गेलो, तर साहेब म्हणाले, "मुलं आहेत, गंमत करतात. तुम्ही फार मनाला लावून घेता." २०१४ साली दिल्लीत अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी मारहाणीनंतर दगावला, तेही अशाच 'गमती'वरून सुरू झालं होतं. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला केंद्राने बेजबरुआ समिती नेमली, समितीने अहवाल दिला. आमच्या साहेबांपर्यंत त्यातलं काही पोहोचलेलं दिसलं नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही "प्रार्थनेत आठवण ठेवतो" एवढ्यावर विषय संपवला. माझा प्रार्थनेवर विश्वास आहे. लेक तर रोज रात्री सत्ताविसावं स्तोत्र वाचूनच झोपायचा, त्यावरच तग धरून होता. पण एवढ्या मोठ्या शहरात त्याच्या शेजारी जेवायला कुणी बसत नव्हतं, आणि तेवढं करायला आमच्यातलं कुणीही उठून गेलं नाही.

गेलात तुम्ही. ते मार्गशीर्षातले गुरुवार होते. मेसमध्ये तो भिंतीकडच्या टेबलावर एकटा बसायचा आणि जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचा. मागून कुणीतरी मोठ्याने "आमेन" ओरडायचं आणि हशा व्हायचा. त्या दिवशी तुम्ही वाढायचं काम मुलीकडे दिलंत, उपासाची खिचडी ताटलीत घेतलीत आणि त्याच्यासमोर येऊन बसलात. त्याने डोळे मिटले. तो सांगतो, "आई, मी डोळे उघडले तेव्हा काकूंची खिचडी तशीच होती. त्या थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, झालं का रे बाळा? चल, जेवू."

त्या पोरांना तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. पुढचे कित्येक दिवस तिथेच बसून जेवलात. मग एक मुलगा ताट घेऊन तुमच्या टेबलावर आला, मग आणखी दोघं आले. पुढे प्रोजेक्ट त्याने त्यांच्याबरोबरच केला. तो गाशा गुंडाळून परत यायला निघाला होता, हे तुम्हाला माहीत नसेल. मलाही त्याने खूप नंतर सांगितलं.

काकू, अमेरिकेतले कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत, पण लिस्टनबाई फारशा कुणाला ठाऊक नसतात. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरना कॅन्ससमधल्या एका कॉलेजने आधी पत्राने प्रवेश दिला आणि दारात आल्यावर काळा रंग बघून परत पाठवलं. ते खचले नाहीत. लहानपणी मारिया वॉटकिन्सबाईंनी दिलेलं बायबल त्यांनी आयुष्यभर जवळ ठेवलं. १८९१ मध्ये ते आयोवात एम्सच्या कृषी महाविद्यालयात शिकायला गेले. तिथे त्यांना इतर विद्यार्थ्यांबरोबर जेवायला बसू देत नव्हते, तळघरात नोकरांबरोबर जेवायला लावत होते. हे कळल्यावर इंडियानोला गावच्या लिस्टनबाई, एक गोऱ्या बाई, ठेवणीतला पोशाख आणि हॅट घालून आगगाडीने एम्सला गेल्या. कार्व्हरना बरोबर घेऊन सगळ्या आवारात फिरल्या आणि त्यांच्यासोबत तळघरात जेवल्या. त्यानंतर तिथलं वातावरण निवळत गेलं, असं कार्व्हरनीच सांगून ठेवलंय. १८९४ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला लागल्यावर तिथल्या मुलांसाठी ते बायबलचा वर्गही घेत.

लिस्टनबाईंचं तुम्ही कधी ऐकलेलं नसणार. तरी वागलात अगदी त्यांच्यासारख्या. तुमचा देव वेगळा, उपास वेगळा, आणि माझ्या मुलाच्या देवासाठी तुम्ही हातातला घास थांबवलात. माणुसकीबद्दल मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. त्यातलं एकही माझ्या मुलाच्या टेबलाशी येऊन बसलं नव्हतं.

नाताळात त्याची आजी ऐझॉलहून येतेय. तिला मराठी येत नाही, तुम्हाला मिझो येत नाही, मध्ये बोलायला लेक आहेच. मेसला दोन दिवस सुट्टी द्या आणि नगरला या. तुम्हाला उपास असेल तर सांगा, खिचडी मी करेन.

तुमच्या मेसमधल्या एका मुलाची आई