किलो पाहण्याआधी नळ आणि मोरी पाहा

प्रति,
मा. संपादक,

विषय : टॉप लोड वॉशिंग मशीनची निवड, जोडणी आणि देखभाल

महोदय,

सणासुदीचे दिवस जवळ आले की आपल्यासह सर्वच दैनिकांची पहिली पाने घरगुती उपकरणांच्या जाहिरातींनी व्यापली जातात. वॉशिंग मशीनची महती त्यांत किलोंत आणि सवलतीच्या टक्क्यांत सांगितलेली असते. परंतु ते ज्या नळाला जोडायचे, ज्या मोरीत त्याचे पाणी सोडायचे आणि ज्या फरशीवर ते उभे करायचे, त्यांविषयी एक ओळही नसते. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीत काम करताना रहिवाशांची दुरुस्तीची बिले आणि गाऱ्हाणी वारंवार माझ्यापुढे येतात. त्यावरून माझे असे मत झाले आहे की, ठाणे आणि नवी मुंबईतील घरांत ‘मशीन बिघडले’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा मशीन ठीक असते आणि दोष घरातील जोडणीचा असतो.

प्रथम क्षमतेविषयी. मशीनवर लिहिलेले किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते आणि तेही साधारणतः सुती कपड्यांच्या पूर्ण धुलाईसाठी. नाजूक कपड्यांच्या किंवा झटपट धुलाईच्या प्रोग्रॅमला त्याच मशीनची क्षमता बरीच कमी धरावी लागते. पुस्तिकेत ती दिलेली असते, पण पुस्तिका सहसा खोक्याबरोबर रद्दीत जाते. शर्ट पाव किलोच्या आसपास, जीन्स पाऊण किलोच्या आसपास आणि सोलापुरी चादर किलोच्या वर, असा ढोबळ हिशेब केला, तर चौघांच्या कुटुंबाला रोजच्या धुण्यासाठी साडेसहा ते सात किलोचे मशीन पुरते. आठवड्यातून दोन-तीनदाच धुणाऱ्यांनी आठ किलोचा विचार करावा. वर्षातून दोनदा धुवायच्या ब्लँकेटसाठी दहा किलोचे मशीन घेण्यापेक्षा ते ब्लँकेट लाँड्रीत देणे स्वस्त पडते. शिवाय जुलै महिन्यात नऊ किलो धुणे वाळत घालायला या शहरांतील फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे, हा प्रश्न विक्रेता विचारत नाही. तो ग्राहकानेच स्वतःला विचारायला हवा. माझ्या मते मशीनचा आकार माणसांच्या संख्येइतकाच वाळत घालायच्या दोऱ्यांच्या लांबीवरून ठरवावा.

जागा मोजताना केवळ रुंदी-खोली मोजून भागत नाही. टॉप लोडचे झाकण वर उघडते, त्यामुळे झाकण उघडल्यावरची उंची, वरचा नळ आणि भिंतीतले कपाट यांचा मेळ बसतो की नाही, हे आधी पाहावे. दाराची रुंदीही मोजावी.

सर्वाधिक घोटाळा होतो तो पाणी बाहेर सोडण्याच्या बाबतीत, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. सिडकोच्या जुन्या वसाहतींतील घरे बांधली गेली, तेव्हा वॉशिंग मशीनसाठी वेगळी जागा ठेवण्याची पद्धत नव्हती. परिणामी मशीन पॅसेजमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभे राहते आणि त्याचा ड्रेन पाईप बाथरूमच्या उंबरठ्यावरून मोरीत नेला जातो. टॉप लोड मशीनचे पाणी दोन प्रकारांनी बाहेर पडते. अनेक मशीनमध्ये तळाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी आपल्या वजनाने वाहून जाते. अशा मशीनचा पाईप जमिनीलगत, सरळ उतारात असावा लागतो. तो उंच उंबरठ्यावरून चढवला, वाटेत त्याला झोळ पडला किंवा त्याचे टोक मोरीत साचलेल्या पाण्यात बुडाले, तर पाणी अर्धवट अडकते आणि कपडे पिळण्याची वेळ आली की मशीन थांबते. दुसऱ्या प्रकारात पंप असतो आणि तेथे नियम उलटा होतो. पाईप पुस्तिकेत दिलेल्या उंचीपर्यंत वर नेऊनच सोडावा लागतो. तो खाली पडू दिला तर एकीकडे पाणी भरत असतानाच दुसरीकडे ते आपोआप ओढले जाऊन वाहत राहते, आणि तासभर पाणी घेऊनही टब भरत नाही. यांपैकी आपले मशीन कोणत्या प्रकारचे आहे, हे खरेदीपूर्वी विचारणारा ग्राहक मला क्वचितच भेटला आहे. पॅसेजमध्येच मशीन ठेवणे भाग असेल, तर पंपाचे मशीन घ्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

पाणी येण्याच्या बाजूलाही अशाच अडचणी असतात. अनेक कंपन्या नळाच्या पाण्याचा किमान दाब 0.3 बार सांगतात, म्हणजे टाकीतील पाण्याची पातळी मशीनपेक्षा सुमारे तीन मीटर उंच हवी. गच्चीवरील टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर एवढी उंची पुष्कळदा मिळत नाही. पाणी धिम्या गतीने येते आणि ठराविक वेळेत टब न भरल्याने पाणीपुरवठ्याच्या बिघाडाची खूण पडद्यावर झळकते. ती खूण म्हणजे मशीन नादुरुस्त झाल्याचा दाखला नव्हे. प्रथम नळ पूर्ण उघडा आहे का ते पाहावे. मग नळ बंद करून इनलेट पाईप सोडवावा आणि मशीनच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी जुन्या टूथब्रशने साफ करावी. पावसाळ्यात पाणी गढूळ आले असेल किंवा इमारतीची टाकी नुकतीच धुतली असेल, तर ही जाळी गाळाने बुजलेली असण्याची शक्यता अधिक. अगदीच नड असेल, तर टॉप लोडमध्ये वरून बादलीने पाणी ओतून धुणे उरकता येते. फ्रंट लोडवाल्यांना ही सोय नाही.

पाण्याच्या जडपणाचा, म्हणजे त्यातील क्षारांमुळे येणाऱ्या कठीणपणाचा, विचारही वसाहतीगणिक वेगळा करावा लागतो. मोरबे धरणाचे पाणी मिळणाऱ्या नवी मुंबईतील घरांना क्षारांचा त्रास तुलनेने कमी होतो, तर घोडबंदर रोडवरील ज्या संकुलांत टँकर आणि बोअरचे पाणी मिसळते, तेथे साबणाला फेस येत नाही आणि टबावर पांढरा थर धरतो. भारतीय मानक आयएस 10500 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅम दिली आहे. यावरून पिण्यास चालणारे पाणी धुण्यास किती जड असू शकते, याची कल्पना येते. घरातील टीडीएस मीटर एकूण विरघळलेल्या घटकांचा अंदाज देतो, कठीणपणा मोजत नाही, हेही येथे सांगायला हवे.

पावडर किती घालावी, हे यावरच ठरते. मृदू पाण्यात जास्त पावडर घातल्याने कपडे अधिक स्वच्छ होत नाहीत. फेस वाढतो, तो नीट खळबळून निघत नाही आणि आतल्या ड्रमच्या व बाहेरच्या टबच्या मधल्या पोकळीत साबण, मळ आणि सुगंधी सॉफ्टनर यांचा चिकट थर बसतो. पुढे त्याचेच काळे कपटे धुतलेल्या पांढऱ्या शर्टांना चिकटतात आणि लोक पाण्याला दोष देतात. महिन्यातून एकदा टब क्लीनचा प्रोग्रॅम चालवावा आणि जड पाणी असेल तेथे क्षार काढणारी पावडर वापरावी. मात्र सायट्रिक ॲसिडयुक्त पावडर किंवा व्हिनेगर हे ब्लीचबरोबर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. कपड्यांचे तंतू अडकवणाऱ्या लिंट फिल्टरची जाळी दर आठवड्याला उलटी करून धुवावी आणि काम झाल्यावर झाकण काही वेळ उघडे ठेवावे. एवढी देखभाल घरच्या घरी होते, तिच्यासाठी वार्षिक करार करण्याची गरज नाही.

पिळताना मशीन धडधडून सरकू लागले, तर ड्राय बाल्कनीच्या फरशीचा उतार तपासावा. हा उतार पाणी जाण्यासाठी मुद्दाम दिलेला असतो, म्हणून चारही पाय फिरवून मशीन समपातळीत आणणे भाग असते. चाकांचे स्टँड घेऊ नये. ड्रममध्ये एकच जड चादर किंवा टॉवेल असेल, तरी तोल जातो. रेनकोट, ताडपत्री आणि जलरोधक गादीकव्हर पिळायला टाकूच नयेत. त्यांच्या घड्यांत अडकलेले पाणी बाहेर पडत नाही आणि वेगात फिरताना ड्रम कॅबिनेटवर आदळून मोडतोड होऊ शकते. हे सर्व नीट असूनही धडका बसत असतील, तर ड्रमला टांगून धरणारे सस्पेन्शन रॉड ढिले झाले असण्याचा संभव असतो, आणि ते काम मेकॅनिकचे.

मेकॅनिकशी बोलताना थोडी माहिती असली, तर खिसा वाचतो. बेल्टवर चालणाऱ्या नेहमीच्या मशीनमध्ये ड्रेन मोटर एकाच ओढीत व्हॉल्व्ह उघडते आणि क्लच पिळण्याच्या स्थितीत आणते. म्हणून ‘पाणी जात नाही’ आणि ‘स्पिन होत नाही’ या दोन तक्रारी एकदम आल्या, तर ‘कार्ड (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेले’ हे उत्तर लगेच मान्य न करता प्रथम ती मोटर तपासायला सांगावी. पाणी टब भरूनही थांबत नसेल, तर पातळी ओळखणाऱ्या सेन्सरला जाणारी हवेची बारीक नळी निसटलेली किंवा चिरलेली असू शकते. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा संशय मोटरला फिरायला मदत करणाऱ्या कपॅसिटरवर घ्यावा. परंतु प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युतभार उरू शकत असल्याने त्याला स्वतः हात लावू नये. मशीनच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर मशीन त्या क्षणी बंद करावे आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. ओल्या फरशीवर उभे राहून वापरायच्या या उपकरणाच्या सर्किटवर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असणे मी अनिवार्य मानतो.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, मशीन घरी पोहोचवण्यापूर्वी माणूस पाठवून नळाचा दाब, मोरीची उंची, फरशीचा उतार आणि प्लगचे अर्थिंग या चार गोष्टी पाहून घ्याव्यात आणि त्याची लेखी नोंद ग्राहकाला द्यावी. ग्राहकांनीही बदललेला जुना भाग आणि सुट्या भागांची किंमत वेगळी दाखवणारे बिल मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती एके ठिकाणी मिळावी, म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राईट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले आहे, आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक उपलब्ध आहे. जाहिरातींच्या पुरवणीत या दोहोंसाठी आपण एक चौकट राखून ठेवावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई