आधी स्वल्पविराम पुसा, मग गट पाडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या संख्येला अमुक संख्येने निःशेष भाग जातो का, हे भागाकार न करता ओळखायच्या कसोट्या आपल्याकडे शिकवतात. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांच्या वह्यांत एक चूक हमखास सापडते. मुलं स्वल्पविरामालाच गटाची हद्द धरतात.

उदाहरण घरचंच घेऊ. बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ५९०००१. तो सलग दोनदा लिहिला की बारा अंकी ५,९०,००,१५,९०,००१ तयार होते. वाचायची एकोणसाठ हजार कोटी, पंधरा लाख, नव्वद हजार एक.

१०१ च्या कसोटीत उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-वजा करायचं: ०१ − ०० + ५९ − ०१ + ०० − ५९ = ०. भाग निःशेष जातो. तेच स्वल्पविराम पाहून केलं तर १ − ९० + १५ − ० + ९० − ५ = ११, म्हणजे भाग जात नाही! उत्तर साफ चुकलं. आपल्या लेखनात उजवीकडचा पहिला गट तीन अंकी असतो, त्यामुळे पुढच्या गटाची किंमत शंभरपट न राहता हजारपट होते. ही कसोटी उभी आहे ती १०० हे १०१ पेक्षा एकानेच कमी आहे यावर. १००० ला १०१ ने भागल्यावर मात्र बाकी ९१ उरते. ७, ११, १३ साठी तीन-तीनचे गट लागतात (७ × ११ × १३ = १००१), तिथंही हीच गत. संख्या स्वल्पविरामाशिवाय पुन्हा उतरवून उजवीकडून पेन्सिलीने उभ्या रेघा मारायची सवय शिक्षकांनी लावावी, ही कळकळीची विनंती.

मूळ अवयव पाडताना घाई नडते. ५९०००१ च्या अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो, उरतात १,९६,६६७. शंभरच्या आतल्या २५ मूळसंख्यांपैकी एकीनेही भाग जात नाही, आणि मुलं 'मूळसंख्या' लिहून मोकळी होतात. पण वर्गमूळ ४४३ च्या पुढे आहे, तिथवर तपासायला हवं. चव्वेचाळिसावी मूळसंख्या १९३ लागू पडते: १९३ × १०१९. बारा अंकी संख्या म्हणजे ५९०००१ × १०,००,००१, म्हणून तिच्यात यांच्या जोडीला १०,००,००१ चे अवयव १०१ आणि ९९०१ येतात. पाच निरनिराळ्या मूळसंख्या, म्हणून विभाजक ३२.

सीमाभागात आणखी एक गोष्ट जपावी लागते. 'तेवीस' म्हणताना तीन आधी येतो, कन्नड 'इप्पत्तमूरु'त वीस आधी. दोन्ही भाषांत आकडे ऐकणाऱ्या मुलाकडून २३ चे ३२ होऊ शकतात. निपाणीचा पिनकोड ५९१२३७ असा ५९१३२७ झाला, तर अंकांची बेरीज दोन्हीकडे २७ च, त्यामुळे ९ च्या कसोटीला चूक दिसत नाही. ११ ची लावा: पहिल्याची बाकी ९, दुसऱ्याची ०. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले की ११ ची बाकी बदलतेच.

आपला,
एक गणित शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव