कॉल वेगळा, व्हिडिओ वेगळा

संपादक महोदय,

लहान मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा, हे आता सगळेच सांगतात. मग परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या आम्हा आजी-आजोबांनी काय करायचे?

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवणाऱ्या रॉबर्टा गोलिंकॉफ आणि सहकाऱ्यांचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन इथे उपयोगी पडते. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना त्यांनी नवी क्रियापदे शिकवली. काहींना समोर बसून, काहींना थेट व्हिडिओ कॉलवर, तर काहींना दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलचे रेकॉर्डिंग दाखवून. पहिल्या दोन्ही गटांतली मुले शब्द शिकली, रेकॉर्डिंग पाहणारी शिकली नाहीत. पडदा तोच, पण रेकॉर्डिंगमधली बाई समोरच्या मुलाच्या हुंकारासाठी थांबत नव्हती, त्याला उत्तर देत नव्हती.

आपल्याकडे जेवण भरवताना बडबडगीते लावून ‘मराठी कानावर पडतेय ना’ असे समाधान सर्रास मानले जाते. (घास पटकन जातो, हे खरे कारण!) दोन वर्षांच्या मुलाच्या भाषेला त्याचा फारसा उपयोग होत असेल असे मला वाटत नाही.

परदेशी राहणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना एक विनंती. फोन मुलापुढे उभा करून उठून जाऊ नका. ते कशाकडे बोट दाखवते, हे आम्हाला दिसत नाही. ‘आजीला तो चमचा दाखव’ असे म्हणणारे कुणीतरी शेजारी हवे. अंगणवाडीत टीव्ही बसवणाऱ्यांनीही त्याच्यासमोर बाई बसणार की नाही, हे आधी ठरवावे.

– एक आजी, सांगली