बाबा, ती निळी डायरी पाठवा

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बुधवारी फोनवर आईने दोनदा विचारलं, "आवाज का गं असा?" आणि दोन्ही वेळा मी "काही नाही, सर्दी झालीये" म्हटलं. सर्दी नव्हती. पण बाबांना हल्ली फोनवरचं निम्मं ऐकू येत नाही, मग आई एकेक वाक्य त्यांच्या कानाशी ओरडून सांगते, आणि ही गोष्ट ओरडून सांगावी असं मला वाटेना. म्हणून पत्र. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

आमचं रेडिओ केंद्र बहुतेक बंद होणार आहे.

बहुतेक म्हणते, कारण हातात कागद अजून आलेला नाही. पण नवी पेठेतली ती इमारत पुनर्विकासाला गेली आणि पाडव्यानंतर जागा रिकामी करायची आहे. स्टुडिओ काय, एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीतही मांडता येईल. अडलंय ते गच्चीवरच्या मनोऱ्यावर. सामुदायिक रेडिओची परवानगी जागेला बांधलेली असते. एरियल दुसऱ्या गच्चीवर न्यायचं तर दिल्लीहून मंत्रालयाची मंजुरी आणावी लागते, आणि ती येईपर्यंत केंद्र गप्प. संस्थेतल्या मंडळींचं म्हणणं, एवीतेवी गप्पच बसायचं तर नव्या जागेचं भाडं आणि नवा ट्रान्समीटर यांवर खर्च कशाला? जुन्या ट्रान्समीटरने गेल्या पावसाळ्यात दोनदा मान टाकली होती, त्यामुळे मलाही धड उत्तर देता आलं नाही.

पैशांचं एकदाच लिहून टाकते. तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती घ्यायची आम्हाला मुभा आहे. सरकारी जाहिरातीचा दर २०२३ मध्ये १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. पण जाहिराती मुळात आल्या तर! आमच्याकडे कोपऱ्यावरचा भांडीवाला आणि एक अभ्यासिका, एवढेच दोघं टिकून आहेत. तीन महिने आम्हा कुणालाच मानधन मिळालेलं नाही. हे तुमच्यापासून लपवलं, त्याबद्दल माफ करा. तुमच्या जावयांचा पगार आहे, घर नीट चाललंय. आई, लगेच पोस्टात जाऊन पैसे काढू नकोस.

केंद्र पुढेमागे कुठल्या तरी रूपात तगेलही. सकाळचा आरोग्याचा कार्यक्रम, दुपारच्या ओव्या हे एखादं महाविद्यालय आपल्या केंद्रावर घेईल, तसं बोलणं चालू आहे. त्या बोलण्यात रात्री दहाचा माझा जॅझचा तास मात्र नाही. गेल्या बैठकीत एक जण सहज म्हणाले, "सॅक्सोफोन हवा असणाऱ्यांकडे मोबाइल असतोच की." त्यावर कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. त्या गप्प बसण्याचा आवाज बुधवारी आईला ऐकू आला असावा.

तेव्हा जे बोलायला हवं होतं, ते आता तुमच्याजवळ बोलते.

बाबा, शनिवार पेठेतल्या वाड्यात तुमचा तो मर्फीचा सेट कोनाड्यात असायचा. रात्री सगळी निजली की तुम्ही काटा अगदी केसाएवढा सरकवत शॉर्टवेव्हवर अमेरिकन सरकारचं व्हॉइस ऑफ अमेरिका शोधायचात. खरखर, शिट्ट्या, मधेच कुठली तरी चिनी बाई, आणि मग विलिस कॉनोव्हरचा तो खर्जातला, एकेक शब्द सुटा करून बोलणारा आवाज. १९५५ पासून तो हा जॅझचा कार्यक्रम करत होता. जगभरच्या इंग्रजी न येणाऱ्या माणसांनाही कळावं म्हणून तो मुद्दाम सावकाश बोलायचा. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं, कारण ते प्रक्षेपण अमेरिकेतल्या लोकांसाठी नव्हतंच. मी तुमच्या मांडीवर अर्धवट झोपेत असायचे. सॅक्सोफोन हा शब्द मला पुस्तकातून कळलेला नाही, कॉनोव्हरच्या तोंडून तुमच्या कानातून माझ्याकडे आला. तो गेला १९९६ साली. आणि २०२५ च्या मार्चमध्ये एका सरकारी हुकमासरशी व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या जवळजवळ सगळ्या माणसांना सक्तीच्या रजेवर घरी बसवलं, ही बातमी वाचून तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत, असं आईने मला सांगितलं होतं.

नंतर तुम्ही वर्ल्डस्पेसचा, उपग्रहावरून चालणारा रेडिओ सेट घेतलात. त्याची ती चपटी अँटेना खिडकीत पूर्वेकडे तोंड करून ठेवायची, उपग्रह तिकडे होता म्हणून. आईसाठी मराठीचं 'सुरभी', आजोबांसाठी शास्त्रीय संगीताचं 'गंधर्व' आणि तुमच्यासाठी 'रिफ', चोवीस तास जॅझ. घरात तीन पिढ्या आणि एका डब्यावरून भांडण नाही, असे ते दिवस होते. मग कंपनी बुडाली आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा थांबली. त्या रात्री तुम्ही सेट चालूच ठेवला होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो बंद करायला गेले तर म्हणालात, "राहू दे गं." तेव्हा मला वाटलं, तुम्हाला एका यंत्राचं एवढं काय. आता कळतंय.

गेले पंधरा दिवस मी वाचत होते, दुसरीकडे हे कसं कसं झालं. मी रात्री लावते तसल्या मऊ, संथ, सॅक्सोफोन आणि गिटारच्या जॅझला अमेरिकेत 'स्मूद जॅझ' म्हणतात. तुम्ही नाक मुरडता, ठाऊक आहे. तुमच्या मते ते जॅझचं गुळमट भावंड. पण १९८७ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये 'द वेव्ह' नावाचं स्टेशन याच संगीतावर सुरू झालं आणि मग मोठ्या शहरांतून तशी स्टेशनं उभी राहिली. वीस-एक वर्षं ती छान चालली. मग एकामागून एक गेली. न्यूयॉर्कचं १०१.९ फेब्रुवारी २००८ मध्ये रॉककडे वळलं, शिकागोचं ९५.५ मे २००९ मध्ये स्पॅनिश झालं.

यातली एक गोष्ट मला फार लागली. तिथे श्रोते मोजायची जुनी रीत डायरीची होती. घरोघर कोऱ्या वह्या द्यायच्या आणि लोकांनी आठवडाभर काय ऐकलं ते स्वतःच्या हाताने लिहायचं. २००७-०८ च्या सुमाराला मोठ्या शहरांत त्या वहीच्या जागी कमरेला लावायचं एक यंत्र आलं. ते स्टेशनच्या आवाजात लपवलेली खूण टिपायचं. यंत्र आल्यावर स्मूद जॅझ स्टेशनांचे आकडे धाडकन खाली आले. मऊ संगीतातून ती खूण यंत्राला नीट पकडता येत नाही, असं कित्येक रेडिओवाल्यांचं म्हणणं होतं. ते किती खरं ते तंत्रज्ञ जाणोत. मला एवढं दिसतं की वहीत माणूस आपल्याला जवळचं वाटणारं नाव आधी लिहितो. यंत्राला जवळचं-लांबचं नसतं, कानावर किती मिनिटं पडलं तेवढंच ते मोजतं.

आमच्या केंद्राला तर कुणी वहीही दिलेली नाही. आमचा मनोरा लहान, फार तर पाच-सात किलोमीटरचा जीव. पर्वतीच्या पलीकडे गेलं की खरखर सुरू. पण दहाच्या तासाला कोण ऐकतं ते मला माहीत आहे. कोथरूडच्या एका सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमन आहेत. त्यांना वादकांची नावं ऐकायला आवडतात आणि मी एखादं घाईत म्हटलं तर दुसऱ्या दिवशी फोन करून विचारतात. रात्रपाळीची एक नर्स आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा परभणीचा एक मुलगा आहे; तो म्हणतो, शब्द नसलेली गाणी असली की वाचलेलं डोक्यात राहतं. या सगळ्यांकडे मोबाइल आहेच. तरी ते माझ्या तासाची वाट पाहतात, कारण मोबाइल नुसती गाणी लावतो, आणि मी त्यांना सांगते की आता वाजवणारा हा माणूस कुठला, त्याने हे कधी वाजवलं, आणि आज पुण्यात पाऊस आहे, रेनकोट असेल तर घाला. आता गाणं लावणारं माणूस आपल्यासारखंच जागं आहे, हे त्यांना हवं असतं. बैठकीत मला हे बोलायचं होतं.

आई, तू म्हणशील, मला ते जॅझ कळत नाही बाई. तू ते माझ्या जन्माआधीपासून ऐकते आहेस! 'अलबेला'ची गाणी पोळ्या लाटताना गुणगुणतेस ना? १९५१ चा सिनेमा. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांचं. त्यांच्याबरोबर ट्रंपेट वाजवणारा चिक चॉकलेट हा मूळचा गोव्याचा, मुंबईतल्या जॅझ बँडचा पुढारी. तेव्हाच्या सिनेसंगीतात असे किती तरी गोवेकर वादक होते. मी एकदा रात्री हे सांगितलं तर एका आजींचा फोन आला, "अगं, मग हे तर आमचंच." त्या रात्री मी किती खूश होते म्हणून सांगू.

२०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणी पुण्याचा वृत्तविभाग बंद करायचा निर्णय आला होता, आठवतं? तू किती हळहळली होतीस. १९५३ पासूनचं केंद्र, ज्याच्यावरून गीतरामायण घरोघर गेलं. लोक बोलले, पत्रं गेली, आणि त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. आमच्यासाठी तेवढे लोक बोलणार नाहीत हे मी जाणून आहे. पण मी तरी बोलायला हवं ना. येत्या शनिवारी पुन्हा बैठक आहे. महाविद्यालयाच्या केंद्राने आठवड्यातून एक रात्र तरी हा तास घ्यावा, मी मानधन न घेता करीन, असं मी लेखी देणार आहे. दादाला हे पटणार नाही. त्याने सुचवलेल्या नोकरीला मी नाही म्हटलेलं नाही, पाडव्यानंतर जाईन. तोवर रोज रात्री दहाला मी माइकसमोर असेन.

आता मुख्य काम. बाबा, तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची डायरी. कॉनोव्हरने कोणत्या रात्री काय लावलं, हे तुम्ही तारखेनिशी टिपून ठेवायचात ती. आणि तिच्यातच १९७८ च्या 'जॅझ यात्रा' महोत्सवाची पानं. तुम्ही दोघं डेक्कन क्वीनने मुंबईला गेलात, रंगभवनात सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सला ऐकलंत, आणि आईला त्यातलं आठवतात ते फक्त स्टेशनवरचे बटाटेवडे. ती डायरी मला हवी आहे. शेवटचे तीन आठवडे मी तिच्या क्रमाने कार्यक्रम करीन. रोज एक पान. तुमच्या अक्षरात जे नाव जसं लिहिलंय ते तसंच वाचीन, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी.

कुरिअरने पाठवू नका. देवरुखहून पुण्याची गाडी सकाळची आहे, तुम्ही दोघंच घेऊन या. स्टुडिओत दोन जिने आहेत, पण मधे बाकडं ठेवलंय, बसत बसत चढता येईल. ऐकू येणार नाही म्हणून संकोच करू नका. डॉक्टर म्हणाले होते ना, वयाबरोबर आधी वरचे स्वर जातात. टेनर सॅक्सोफोन खालच्या पट्टीत बोलतो, आणि स्टुडिओतला हेडफोन चांगला आहे. मी आवाज तुमच्यापुरता वाढवून देईन. एक रात्र तुम्ही बोला. चार वाक्यं पुरेत. आईनेही बोलायचं, वड्यांबद्दल बोललीस तरी चालेल.

येताना कानाच्या मशीनचे जास्तीचे सेल आणा, इथे त्या मापाचे पटकन मिळत नाहीत. आणि बाबांचा स्वेटर. स्टुडिओत एसी बंद करता येत नाही.

तुमची,
लेक