क्लचचा सिलेंडर गिअरबॉक्सच्या पोटात कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात नवीन गाड्यांची माहिती नेहमी येते, मायलेज किती, पॉवर किती, स्क्रीन केवढी वगैरे, पण तीच गाडी चार-पाच वर्षांनी बिघडली की दुरुस्त करताना काय हाल होतात त्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. विषय एकच, पिकअपचा हायड्रॉलिक क्लच. ज्याचा धंदा पिकअपवर चालतो त्याची गाडी क्लचमुळे उभी राहिली की माल पण उभा आणि कमाई पण उभी, आणि गाडी किती दिवस उभी राहणार हे कोणी सांगू शकत नाही, खरा त्रास हा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वी क्लचला केबल असायची, तुटली की दिसायची, बदलली की काम झालं. हायड्रॉलिकमध्ये पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलेंडर ऑइल ढकलतो, ते पाइपातून खाली स्लेव्ह सिलेंडरला जातं, स्लेव्हचा रॉड फोर्क म्हणजे दुफाटी दांडी ढकलतो आणि रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या फिंगर दाबतं, मग क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिन गिअरबॉक्सपासून सुटतं. पेडल हलकं राहतं, प्लेट झिजली तरी बहुतेक गाड्यांत वेगळं सेटिंग करावं लागत नाही, लोड घेऊन दिवसभर गिअर बदलणाऱ्याच्या पायाला आराम मिळतो. सिस्टीम चांगलीच आहे, माझी तक्रार सिस्टीमबद्दल नाही. ती दुरुस्त करणाऱ्या माणसाचा विचार न करता बनवलेली असते आणि दुरुस्त करणारे पण अंदाजाने पार्ट बदलत सुटतात, त्याबद्दल आहे.

आता बघा, क्लच गेला म्हणजे दिसतं काय? पेडल खाली बसतं, पहिला गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो. लक्षण एवढंच, पण कारणं ढीगभर. मास्टरचं रबर आतून गेलेलं असेल, स्लेव्ह गळत असेल, लाइनमध्ये एअर असेल, होज पाइप जुना होऊन दाबाखाली फुगत असेल, पेडलचा बुश झिजला असेल, फोर्क वाकला असेल, नाहीतर हायड्रॉलिक एकदम ठीक आणि क्लच प्लेटच शाफ्टच्या खाचांवर गंजून चिकटलेली असेल, किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग जाम झालेलं असेल. माझ्या गाडीला आधी मास्टर बदलला, फरक नाही. मग स्लेव्ह, फरक थोडा. मग पुन्हा एअर काढली, पुन्हा पेडल बसलं. दर वेळी "आता होईल बघा" आणि दर वेळी नवीन पार्टचं बिल, जुना पार्ट खरंच खराब होता का हे आजपर्यंत मला कोणी दाखवलेलं नाही.

आणि शोधायची पद्धत काही अवघड नाही हो. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेर असेल तर एकाने पेडल पूर्ण दाबायचं आणि दुसऱ्याने खाली पट्टी लावून स्लेव्हचा रॉड किती सरकतो ते मोजायचं. रॉड पुरेसा सरकतोय आणि तरी गिअर ओरडतोय तर दोष पुढे आहे, फोर्क, प्रेशर प्लेट, प्लेट, बेअरिंग यांच्यात, मग मास्टर बदलून काहीही होणार नाही. रॉड कमी सरकतोय तर दोष हायड्रॉलिकमध्ये किंवा पेडलच्या बाजूला. गिअर टाकून पेडल दाबून धरलं आणि गाडी हळूहळू ओढायला लागली, पण बाहेर कुठे गळती नाही आणि वरच्या ऑइलच्या डबीतली लेव्हल पण तशीच, तर मास्टर आतल्या आत ऑइल सोडतोय. पेडल भराभर पंप केल्यावर क्लच काम करतो आणि थोड्या वेळाने परत जातो, तर आधी एअरवर संशय. पेडलच्या मागे केबिनमध्ये ओलं दिसतंय तर मास्टर, स्लेव्हच्या रबरी टोपीत ऑइल सापडलं तर स्लेव्ह. एवढं बघायला काही मिनिटं लागतात, पण पाना हातात घ्यायच्या आधी बघतंय कोण?

एअर काढणं हा तर स्वतंत्र छळ आहे. कागदावर सोपं आहे, पेडल दाब, निप्पल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) खोल, निप्पल बंद कर, पेडल सोड. पण क्लचचा सिलेंडर लहान, एका दाबाला ऑइल थोडंच सरकतं आणि पाइप कुठेतरी वर वळून मग खाली गेलेला असतो, त्या वळणात हवेचा बुडबुडा अडकला की तो थोडा खाली येतो आणि पेडल सोडलं की परत वर जाऊन बसतो. त्यात मास्टर तिरका बसवलेला असेल तर त्याच्या टोकात पण हवा राहते, म्हणून नवीन मास्टर गाडीला लावायच्या आधीच व्हाइसमध्ये धरून, ऑइल भरून त्यातली हवा काढायला हवी. दोघं माणसं अर्धा दिवस पेडल मारत बसतात आणि पेडल स्पंजसारखंच राहतं. अशा वेळी खालच्या निप्पलमधून सिरिंजने सावकाश ऑइल वर ढकललं तर हवा आपोआप वरच्या डबीत निघून जाते, कारण हवेला वरच जायचं असतं. फक्त डबी भरून वाहू द्यायची नाही, क्लचमध्ये बहुतेक ब्रेक ऑइलच असतं आणि ते गाडीचा रंग खातं. स्लेव्ह बाहेरचा असेल तर तो सोडवून निप्पल सगळ्यात वर येईल असा धरायचा आणि रॉड आत दाबायचा, बरीच हवा तिथेच निघते. हे सगळं जुने मेकॅनिक करतात, पण लिहून ठेवलेलं कुठे मिळत नाही, गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात तर "अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा" यापलीकडे काही नसतं.

हे झालं बाहेरच्या स्लेव्हचं. खरा संताप येतो तो आतल्या स्लेव्हचा. अनेक नवीन गाड्यांत स्लेव्ह आणि रिलीज बेअरिंग एकत्र करून गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कव्हरच्या) आत बसवलेले असतात. कंपनीचा फायदा मला समजतो, फोर्क वाचतो, जागा वाचते, दाब सरळ येतो. पण त्यातलं एक रबरी सील गेलं की प्रोपेलर शाफ्ट काढा, स्टार्टर काढा, क्रॉस मेंबर सोडा, वायरिंग सोडा, गिअरबॉक्स खाली घ्या, फोर बाय फोर असेल तर ट्रान्सफर केसचं वजन पण त्याच्यासोबत. एका सीलसाठी! तोपर्यंत गळालेलं ऑइल क्लच प्लेटला लागलं असेल तर ती प्लेट पण बाद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नवीन सिलेंडर बसवल्यावर गिअरबॉक्स वर चढवायच्या आधी पेडल दाबून तपासता येत नाही, समोर आधार नसला की पिस्टन जागेवरून बाहेर येतो. म्हणजे नवीन पार्ट गळका निघाला तर ते कळणार सगळं जोडून झाल्यावरच, आणि मग परत तेच काम पहिल्यापासून, त्याची मजुरी कोणी द्यायची यावरून मालक आणि मेकॅनिक यांची भांडणं, आणि दोघांचीही चूक नसते.

सुट्या पार्टचं पण तेच. पूर्वी सिलेंडरचं किट मिळायचं, रबरं आणि स्प्रिंग, सिलेंडर आतून गुळगुळीत असेल तर किट टाकून काम व्हायचं. आता बऱ्याच गाड्यांना किटच येत नाही, पूर्ण सिलेंडर घ्या, काही ठिकाणी तर मास्टर, पाइप आणि स्लेव्ह एकत्र भरून सीलबंद येतात आणि त्याला निप्पलच नसतं! एअर शिरली तर काढायची कुठून?

यात आपण गाडीवाल्यांनी पण एक गोष्ट करायला हवी, ती म्हणजे ऑइल वेळेवर बदलणं. क्लचमधलं हे ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ ग्रेडचं असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट ३ कमीत कमी २०५ अंशाला उकळायला हवं, पाणी शोषलेल्यासाठी तीच मर्यादा १४० अंश आहे. पण क्लचच्या बाबतीत उकळण्यापेक्षा पाण्याने सिलेंडरला आतून गंज धरतो हे जास्त महत्त्वाचं, त्या खड्ड्यांवर घासून रबर कापलं जातं आणि मग कितीही नवीन किट टाका, ते परत जाणार. डबीतलं ऑइल काळं दिसलं की समजायचं आत रबर झिजतंय. बऱ्याच कंपन्या ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला म्हणतात, तेव्हा क्लचचं पण बदलून घ्या, ते कायम विसरलं जातं. आणि त्यात चुकूनही इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल टाकू नये, रबरं फुगतात आणि सगळी लाइन बाद होते. डबी ब्रेक आणि क्लचला एकच असेल तर प्रश्न ब्रेकपर्यंत जातो.

गाड्या बनवणाऱ्यांकडे माझं मागणं फार मोठं नाही. माल वाहणाऱ्या गाडीला स्लेव्ह बाहेर द्या, आतच द्यायचा असेल तर निप्पल तरी बाहेर हाताला लागेल असं द्या. सीलचं किट विकत मिळू द्या. रॉड किती मिलिमीटर सरकायला हवा आणि एअर कशी काढायची हे गाडीच्या पुस्तकात छापा, एक पान लागेल. गॅरेजवाल्यांनी आधी मोजावं, मग पार्ट मागवावा आणि काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा.

आणि संपादक साहेब, आपल्याकडे गाड्यांची पुरवणी निघते त्यात नव्या पिकअपची माहिती देताना एक ओळ वाढवा, स्लेव्ह सिलेंडर आत आहे की बाहेर. गाडी घेताना शोरूममध्ये हे कोणी आपणहून सांगत नाही, आणि पहिल्यांदा गिअरबॉक्स उतरतो तेव्हा खूप उशीर झालेला असतो.

आपला,
एक पिकअपचालक वाचक