ग्रीक अक्षरांचे घर

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

माझी प्रकृती उत्तम आहे आणि जेवणाचीही आबाळ नाही, तेव्हा आईने काळजी करू नये. इथे अमेरिकेत आमच्या विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीच्या घरी मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी वाचून तुम्ही विचारलेत, 'तू त्या फ्रॅटर्निटीत तर नाहीस ना?' नाही. सप्टेंबरात त्यांचे बोलावणे आले होते व मी पैसेही भरले होते, हे मात्र तुमच्यापासून लपवले, क्षमा करा. महिन्याभरात मी बाहेर पडलो.

फ्रॅटर्निटी म्हणजे आपल्याकडचे वसतिगृह नव्हे. ग्रीक अक्षरांचे नाव घेतलेले ते केवळ मुलग्यांचे मंडळ असते; जुनी मुले नव्यांची पारख करतात, काही आठवडे त्यांना उमेदवार म्हणून राबवतात आणि मग जन्मभराचे 'भाऊ' म्हणून आत घेतात. परक्या गावात तो शब्द फार गोड लागतो. मुलींचीही अशी मंडळे आहेत, पण त्यांच्या घरांत सहसा दारूला मनाई असते, म्हणून पार्ट्या मुलग्यांच्या घरी होतात. आणि दारातून कोणाला आत घ्यायचे, पेल्यात काय ओतायचे, वरच्या खोल्या कोणासाठी उघडायच्या, हे सारे त्यांच्याच हाती राहते.

मला दारावर उभे केले होते. मुलींना सरळ आत सोडायचे, अनोळखी मुलग्यांना परत पाठवायचे. आत प्लास्टिकच्या पिंपात लाल सरबत होते, त्यात दारू किती हे ओतणाऱ्यालाच ठाऊक. पहिल्या वर्षाची एक मुलगी भिंत धरून चालत होती, तिला एक 'भाऊ' जिन्याकडे नेत होता आणि बाकीचे हसत होते. तिच्या मैत्रिणीने धावत येऊन तिला बाहेर नेले. मी तीन पावलांवर होतो, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बाबा, ते अजून सलते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, महाविद्यालयात येण्यापूर्वी या मुलग्यांच्या व इतरांच्या वागण्यात फरक आढळला नव्हता. पहिल्या वर्षात मात्र मंडळात गेलेल्यांकडून लैंगिक अत्याचार तिपटीने अधिक झाले. हे वाचून मला स्वतःचीच भीती वाटली. ऑगस्टपासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुटीपर्यंतच्या दिवसांना इथे 'रेड झोन' म्हणतात, कारण नव्या मुलींना सर्वांत जास्त धोका तेव्हाच असतो. सावध राहायला मुलींनाच सांगतात. त्या घरात आम्हा मुलग्यांना कोणी काही सांगितले नाही.

भरलेले सहाशे डॉलर परत मिळणार नाहीत. ते तुमच्या कष्टाचे होते. ग्रंथालयात रात्रपाळी धरली आहे, जानेवारीपर्यंत भरून काढीन.

'असल्या देशात पोरीला पाठवण्यापेक्षा मनूचे स्थळ दिवाळीनंतर पक्के करू' असे तुम्ही लिहिलेत. कृपा करून माझ्या या पत्राचा त्यासाठी आधार घेऊ नका. वागणे मुलग्यांचे वाईट, मग शिक्षण तिचे का थांबावे? यंदाही दिवाळीला मला येता येणार नाही. भाऊबिजेची ओवाळणी म्हणून तिच्या अर्जाचे शुल्क मी इथून भरले आहे. तिला रागावू नका.

आजीस नमस्कार.

तुमचा,
अनिकेत